40 बाटल्या रक्त आणि गुळवेलीचा काढा

तो मेसेज तुमच्याही गावच्या ग्रुपवर आला असेल: 'लिव्हर बदलायला 40 बाटल्या रक्त लागतं, त्यातलं अर्धं दवाखाने विकतात. 21 दिवस गुळवेलीचा काढा प्या, थेंबभरही लागणार नाही. परक्याचं रक्त भरलं की स्वभाव बदलतो.' एरवी पुसून टाकला असता. पण आमच्या मोठ्या बाबांचं यकृताचं (लिव्हरचं) प्रत्यारोपण नागपुरात ठरलंय, आणि परवा घरी गेलो तर चुलीवर पातेलं रटरटत होतं. निंबावरची वेल, बोटभर कांड्या करून.

"काहून, काय वाईट हाय त्यात?" मोठी आई म्हणाली.

वाईट हे, की 2021 मध्ये मुंबईच्या डॉक्टरांनी कोरोनाकाळात गुळवेल घेऊन यकृताला इजा झालेले सहा रुग्ण नोंदवले. आयुष मंत्रालयाला ते मान्य नव्हतं, असो. पण ज्याचं यकृतच संपलंय, त्याच्यावर हा वाद सोडवून पाहायचा का? आणि काढा रक्त वाचवणार कसा? सिरोसिसमध्ये, म्हणजे यकृत निबर होऊन बसतं तेव्हा, पोटातल्या शिरा दाबाने तट्ट फुगलेल्या असतात, ऑपरेशनमध्ये रक्त तिथून जातं. संत्र्याच्या बागेत ठिबकची नळी गळायला लागली तर आपण मोटर जोरात लावतो का? दाब कमी करतो. भूलतज्ज्ञही तेच करतात. कॅनडातल्या मॉन्ट्रियलच्या एका केंद्राने 2012 मध्ये सलग 500 प्रत्यारोपणांचा हिशेब छापला. शिरांमधला दाब कमी ठेवला, त्यासाठी गरजेप्रमाणे सुरुवातीला रुग्णाचंच थोडं रक्त काढून ठेवलं आणि नंतर परत दिलं, प्लाझ्मा (रक्तातला पातळ भाग) ओतणं टाळलं. सुमारे 80 टक्के रुग्णांना ऑपरेशनमध्ये एकही पिशवी लागली नाही. सगळ्यांनाच हे झेपत नाही, मूत्रपिंडं बघावी लागतात. पण 40 बाटल्यांचा आकडा तिथेच कोसळला.

आकडा अगदीच हवेतला नाही, हेही कबूल करतो. 1963 मध्ये अमेरिकेतले सर्जन डॉ. स्टार्झल यांनी केलेल्या यकृताच्या पहिल्या प्रत्यारोपणात ते लहान मूल रक्तस्रावानेच टेबलावर गेलं. पुढेही कैक वर्षं पिशव्यांचा ढीग लागायचा. आता सांडलेलं रक्त मशीनने धुऊन परत देता येतं, रक्त नेमकं का गोठत नाही ते टेबलाशेजारीच कळतं, आणि आधीपासून लोहाची कमतरता भरून काढली तर आणखी वाचतं.

विक्रीचं म्हणाल, तर पैसे घेऊन रक्त देणं 1998 पासून बंद आहे. रक्तपेढी घेते तो प्रक्रियेचा खर्च. कुठे कोणी लुबाडत असेल तर तक्रार करा. पण या एका ओळीपायी आमच्या गावातली रक्त द्यायला तयार झालेली सातातली चार पोरं मागे सरली, त्याचं काय?

स्वभावाचं तर सोडाच. बदलत असता, तर मोठ्या आईने मोठ्या बाबांना केव्हाच दोन बाटल्या चढवून आणल्या असत्या.

पातेलं तिने उकिरड्यावर ओतलं. शनिवारी सहाला रक्त द्यायला जीप निघते. चारातले दोघं परत येतो म्हणालेत.