टेल्केसबाईंनी सोलर पॅनल शोधला नाही

खान्देशातल्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय. मारिया टेल्केस या रसायनशास्त्रज्ञ बाईंनी म्हणे सोलर पॅनल शोधला, म्हणून साक्रीचा सौर प्रकल्प आणि शेतातले सौर पंप ही त्यांचीच देणगी. १९४८ साली त्यांनी जगातलं पहिलं सौर विजेवरचं घर उभारलं, ते आजही चालतं. आणि बाई असल्यामुळे जगानं त्यांना कधी विचारलंच नाही. चारही गोष्टींत घोळ आहे.

पॅनलचं लगेच मिटतं. आपल्या पंपांना वीज देणाऱ्या सिलिकॉन सेलचा पूर्वज १९५४ साली अमेरिकेतल्या बेल लॅब्जमध्ये चॅपिन, फुलर आणि पिअरसन यांनी दाखवला. केमिस्टच हवा असेल तर त्यातले फुलर होते की! टेल्केसबाईंनीही वीज काढली, पण ती उष्णतेपासून, दोन वेगळे पदार्थ जोडून. तो रस्ताच निराळा.

घराची गोष्ट मात्र मेसेजपेक्षा कितीतरी रंगतदार आहे. मॅसॅच्युसेट्समधल्या डोव्हरचं हे घर; आराखडा एलिनॉर रेमंड यांचा, पैसा अमेलिया पीबॉडी यांचा. उन्हापासून तिथे वीज नव्हती, फक्त ऊब होती. आणि उन्हावर तापणारं पहिलं घरही ते नव्हे. अमेरिकेतल्याच एमआयटी या तंत्रविद्यापीठानं १९३९ मध्येच एक बांधलं होतं. डोव्हरला वरच्या मजल्यावर काचांची रांग, त्यामागे काळा पत्रा. तिथे तापलेली हवा पंख्यानं खाली ओढायची आणि डब्यांत भरलेल्या ग्लॉबर सॉल्टला, म्हणजे स्फटिकातच पाणी धरून ठेवणाऱ्या सोडियम सल्फेटला द्यायची. असं सुमारे २१ टन मीठ होतं. ते ३२ अंशांच्या आसपास वितळतं. वितळताना उष्णता पोटात घेतं, गोठताना परत देतं. (जळगावच्या मे महिन्यात ते गोणीतच पाणी सोडेल. घर होतं बर्फाळ मुलखातलं.)

आता ‘आजही चालतं’. जेमतेम तीन हिवाळे ही व्यवस्था टिकली. मीठ वितळलं की त्याचा काही भाग विरघळतच नाही. ताकाचा तांब्या तसाच राहिला की चोथा खाली आणि पाणी वर, तसं होतं. खाली बसलेलं मीठ पुढच्या वेळी पाण्याशी पुरतं जुळत नाही, म्हणून दर फेऱ्याला साठवण घटत जाते. त्यात डबेही गंजले.

‘कधी विचारलंच नाही’ हे तर सपशेल खोटं. वर्तमानपत्रं त्यांना ‘सन क्वीन’ म्हणत. अमेरिकेच्या सोसायटी ऑफ विमेन इंजिनिअर्सचा पहिला पुरस्कार १९५२ साली त्यांनाच मिळाला, सौरचुलीसाठी फोर्ड फाउंडेशननं ४५,००० डॉलर दिले. मात्र एमआयटीत वरिष्ठांशी खटके उडाले आणि १९५३ मध्ये ती संस्था सुटली, ही तक्रार रास्त आहे. नेमकी तीच मेसेजमध्ये नाही.

जीवरक्षक तराफ्यावर समुद्राचं पाणी उन्हानं गोड करणारं त्यांचं उपकरणही मेसेजमध्ये नाही. सौरचूलही नाही, आणि ज्या खान्देशात उन्हाळाभर गच्च्यांवर बिबड्या वाळतात तिथे ती वगळावी म्हणजे कमालच. पुढे डेलावेअर विद्यापीठाच्या १९७३ च्या ‘सोलर वन’ घरावर खरोखरच विजेचे सेल बसले; तिथेही बाईंकडे काम होतं उष्णता साठवण्याचंच. डोव्हरला दगा देणारं मीठ त्यांनी सोडलं नव्हतं. ते खाली बसू नये म्हणून त्यात विशिष्ट माती मिसळायची, या युक्तीचं पेटंट त्यांनी सत्तरच्या दशकात मिळवलं.