वर्षाला 39 खोड्या

आपलं पोर खोडकर नाही, ही तक्रार हल्ली सांगलीत विश्रामबागेपासून गावभागापर्यंत घरोघरी ऐकू येते. अर्थात थेट असं कुणी म्हणत नाही. म्हणतात काय, तर "आमच्या वेळी काय धमाल असायची हो, ह्यांना मोबाईलशिवाय काही सुचतच नाही." हे म्हणताना एक डोळा घड्याळावर असतो, कारण सव्वासहाला पोराला अबॅकसहून उचलून स्कॉलरशिपच्या क्लासला टाकायचं असतं. अशा पालकांनी निराश होऊ नये. जुन्या टीव्ही मालिकेतल्यासारखं रीतसर खोडकर पोर घरच्या घरी तयार करता येतं. साहित्य काय लागतं आणि प्रयोग कुठे फसतो, ते सांगतो.

नमुना म्हणून 'लीव्ह इट टू बीव्हर' घ्या. ही मालिका अमेरिकेत 4 ऑक्टोबर 1957 रोजी सुरू झाली. त्याच दिवशी रशियाने स्पुटनिक आकाशात सोडला. माणूस अंतराळात हात घालत होता आणि इकडे मेफिल्ड नावाच्या काल्पनिक गावात बीव्हर नावाचं आठेक वर्षांचं एक पोर बाईंनी दिलेली चिठ्ठी घरी दाखवायची कशी, या काळजीत होतं. मालिका सहा वर्षं चालली, दर वर्षी 39 भाग, एकूण 234. म्हणजे उद्दिष्ट लक्षात घ्या: वर्षाला 39 खोड्या. आठवड्याला एक धरली तर तेरा आठवडे सुट्टी. तुमच्या पोराची सध्याची कामगिरी किती? गेल्या दिवाळीत चकलीचा सोऱ्या उलटा फिरवला, एवढीच ना?

त्या पहिल्याच भागातली चिठ्ठी बघा. बीव्हरला वाटतं, आपल्याला शाळेतून काढलं. थोरला भाऊ वॉली आईच्या नावाने उत्तर लिहून देतो. प्रत्यक्षात चिठ्ठीत काय, तर शाळेच्या नाटकात पोराला अस्वलाचं काम द्यायचं आहे, परवानगी द्यावी. सगळा भाग उभा आहे तो एका बंद पाकिटावर. आता तुमच्याकडे ही चिठ्ठी व्हॉट्सअ‍ॅपच्या ग्रुपवर दुपारी दीडला पडते, दोन वाजेपर्यंत सदतीस आयांनी अंगठा दाखवलेला असतो, आणि पोर घरी पोचायच्या आत अस्वलाचा ड्रेस भाड्याने कुठे मिळतो याची चौकशी झालेली असते. खोडीची पहिली अट अशी की पोराला ठाऊक असलेली एक तरी गोष्ट घरी ठाऊक नसावी. ग्रुपमधून बाहेर पडा. जमत नसेल, तर पुढचं वाचलं नाहीत तरी चालेल.

माणसं किती लागतील? आठ वर्षांचं पोर एक. बारा-तेरा वर्षांचा भाऊ एक. सख्खा नसेल तर मिरजेहून आतेभाऊ आणावा, मात्र तो त्याच खोलीत झोपणारा हवा. सगळे बेत दिवा मालवल्यावर ठरतात. 'किड्स रूम'मध्ये कॅमेरा बसवला असेल, तर तो काढून इलेक्ट्रिशियनला परत द्या. सतत खाणारा एक मित्र लागतो. मालिकेत लॅरीच्या हातात कायम सफरचंद असतं, आपल्याकडे भडंगाची पुडी चालेल. भडंगाचा फायदा असा की पोरं कुठे कुठे जाऊन आली, ते सांडलेल्या शेंगदाण्यांवरून मागाहून कळतं.

आणि सगळ्यात महत्त्वाचा घटक: एडी हॅस्कल. याच्याशिवाय प्रयोग करूच नका, मिसळीत कट नसल्यासारखं होईल. हा थोरल्याचा मित्र. मोठ्यांसमोर याच्याइतका गुणी मुलगा जगात नाही. तुमच्या दारात येईल, चपला जोडीने काढून भिंतीला लावेल, मान किंचित तिरकी करेल आणि म्हणेल, "काकू, साडी काय मस्त दिसतीय ओ! नवीन का?" तिथून आतल्या खोलीच्या पडद्यापर्यंत चार पावलं. पडदा मागे पडला की धाकट्याला ऐकू येईल, "ए शेंबड्या, हो की बाजूला. दादा कुठाय तुझा?" या चार पावलांतच सगळी कला आहे. काही पोरांना ही दहा पावलांत जमते, ती कच्ची समजावीत.

यातली खरी गंमत बहुतेक पालक चुकवतात. मालिकेतल्या आईवडिलांना एडी पहिल्या दिवसापासून पुरता कळलेला असतो. तरी ते त्याला घरात घेतात. तुम्ही काय कराल? त्याच्या आईला फोन कराल, मग आपल्या पोराची बाकावरची जागा बदलून घ्याल, आणि वर सोसायटीच्या मीटिंगमध्ये विषय काढाल. अहो, डोक्यात भलतं भरवणारा मित्रच हाकलला, तर पोराने नाही म्हणायचं कुणाला? भविष्याची काळजी करू नका. एडीचं काम करणारा केन ऑसमंड 1970 मध्ये लॉस एंजेलिसच्या पोलीस दलात शिपाई म्हणून भरती झाला. आपल्याकडच्या एडींचं पुढे काय होतं, ते तुम्हाला प्रत्येक चौकात फ्लेक्सवर दिसतंच.

फ्लेक्सचा विषय निघालाच आहे, तर पोराला फलकावर चढवायची कृती सांगतो. 1961 च्या एका भागात रस्त्याकडेच्या फलकावर सुपाचा भलामोठा वाडगा आहे आणि त्यातून खरी वाफ निघते. आत सूप आहे की नाही, यावर मित्राशी वाद होतो, बीव्हर वर चढतो, वाडग्यात पडतो आणि शेवटी अग्निशमन दलाला बोलवावं लागतं. सांगलीत फलकांना तोटा नाही, पण त्यांच्यातून वाफ निघत नाही. हवा भरपूर असते, ती वेगळी. तेव्हा कुतूहलाचं कारण दुसरं शोधा. मोठ्या फ्लेक्सला वारा आरपार जावा म्हणून ठिकठिकाणी अर्धचंद्राकार काप दिलेले असतात, नाहीतर वळवाच्या पहिल्याच वाऱ्यात तो शिडासारखा फुगून सांगाड्यासकट खाली येतो. पोराला विचारायचं, "त्या भोकातून पलीकडचं काय दिसतं रे?" एवढं पुरे. मागच्या बाजूने लोखंडी अँगलवर पाय देत तो वर जाईल आणि कापातून डोकं बाहेर काढेल. काप नेमका वाढदिवसवाल्या दादांच्या उजव्या खांद्याशी असेल, तर खालून जाणाऱ्याला वाटेल शुभेच्छुकांत एक वाढला. डोकं बाहेर येतं, पण परत आत जात नाही, कारण कापाची जीभ बाहेरच्या बाजूला दुमडते आणि कान अडकतात. इथे पालकांनी खाली उभं राहून फोटो काढू नये. अँगलच्या कडा गंजलेल्या असतात, धनुर्वाताचं इंजेक्शन आधी झालेलं बरं.

आता पैसे हरवण्याचा भाग. बीव्हर डब्याचे पैसे हरवतो, मग केस कापायला दिलेलेही हरवतो, आणि सांगायची भीती वाटते म्हणून वॉली घरीच त्याची हजामत करतो. पोर घरातही टोपी घालून फिरायला लागतं. या भागाला रोकड लागते. तुम्ही सलूनवाल्याला क्यूआर कोडवर परस्पर पैसे पाठवता, तर पोराने हरवायचं काय, नेटवर्क? शंभराची नोट द्या, सुटी नको. चड्डीच्या त्या खिशात ठेवायला सांगा, ज्याची शिवण तुम्ही दोन महिने टाळताय. कात्री स्वयंपाकघरातली, दुधाच्या पिशव्या कापायची. केस आधी ओले करावेत. ओला केस ताणला जातो आणि लांब दिसतो, त्यामुळे भाऊ बिनधास्त कापतो. वाळल्यावर तेच केस आखडून वर चढतात. मग डावी बाजू उजवीपेक्षा वर दिसते, म्हणून उजवी कापायची, मग उजवी वर जाते. तीन फेऱ्यांत कानामागे पांढरं दिसायला लागतं. चौथी फेरी करू नये. भावाला मात्र हे तिसरीनंतर सांगावं.

मगरीचा प्रयोग अनुभवी पालकांनीच करावा. दुसऱ्या भागात ही दोघं भावंडं जाहिरात वाचून टपालाने फ्लोरिडाची अ‍ॅलिगेटर मागवतात, ती येते वीतभर, आणि आईबापांपासून लपवायला तिला ठेवतात संडासाच्या फ्लशच्या टाकीत. टीव्हीवर संडास दाखवणं त्या काळी अमेरिकेत अब्रह्मण्यम होतं. वाटाघाटी होऊन फक्त टाकी दाखवायची परवानगी मिळाली. हाच भाग पहिला यायचा होता, टाकीपायी एक आठवडा मागे पडला. सांगलीकरांना टपालखर्च नाही, ही मोठीच सोय. भिलवडी-औदुंबरच्या बाजूला कृष्णेत अस्सल देशी मगरी आहेत, काठावर ऊन खात पडलेल्या असतात. अडचणी दोन. एक, मगर 1972 च्या वन्यजीव कायद्यात पहिल्या अनुसूचीत आहे, शिक्षा तीन ते सात वर्षं. मालिका सहाच वर्षं चालली होती. दोन, तुमच्या नव्या फ्लॅटमध्ये टाकी भिंतीच्या आत दडवलेली आहे. जुन्या टाकीला झाकण होतं, आत आठ-दहा लिटर पाणी होतं, वीतभर प्राणी आरामात राहिला असता. भिंतीतल्या टाकीत हात घालायला पुढची पट्टी काढावी लागते, आणि तिथून पाल जाईल, मगर नाही. आर्किटेक्ट नेमताना हा प्रश्न विचारायला हवा होता.

परदेशी नमुना नको असेल, तर 'मालगुडी डेज' आहेच. शंकर नागने ते आगुंब्यात चित्रित केलं, दूरदर्शनवर 1986 पासून दिसलं. आर. के. नारायण यांच्या मूळ कादंबरीत स्वामी आणि मंडळी क्रिकेट क्लब काढतात, मद्रासच्या दुकानाला बॅट-बॉल पाठवा म्हणून पत्र लिहितात, आणि दुकानाने 25 टक्के आगाऊ मागितल्यावर हे पत्र दुसऱ्याच कुणाचं असणार, असं ठरवून साभार परत पाठवतात. तुमच्या पोराकडे बॅट आहे, हेल्मेट आहे, कोच आहे. परत पाठवायला पत्र तेवढं नाही.

आईच्या भूमिकेबद्दल थोडक्यात. बीव्हरची आई स्वयंपाक करतानाही गळ्यात मोत्यांची माळ घालते, यावरून आजवर पुष्कळ थट्टा झाली. कारण साधं होतं: अभिनेत्री बार्बरा बिलिंग्जली यांच्या गळ्याशी खळगी होती, दिव्यात तिची सावली पडायची, माळेने ती झाकली. पुढे पोरं उंच झाली, म्हणून त्यांनी टाचांचे बूट चढवले. तुम्ही ऑफिसातून सातला येऊन कुकर लावता, तेव्हा माळ माफ. टाचांचं बघा, पोरगं सातवीत खांद्याला लागतं.

बापाचं काम अवघड. शेवटच्या तीन मिनिटांत वॉर्ड क्लीव्हर पोराला जवळ घेऊन शांतपणे बोलतो, पोर सगळं कबूल करतं, संगीत वाजतं. खरं सांगा, तुम्हाला हवी आहेत ती एवढी तीनच मिनिटं. आधीची बावीस नकोत. सूप नको, मगर नको, शंभराची नोटही जाऊ नये, पण पोराने मांडीवर डोकं ठेवून "बाबा, चुकलं" म्हणावं. तसं होत नाही. कबूल करायला आधी काहीतरी लागतं.

वॉर्ड आपल्या लहानपणच्या गोष्टी सांगतो, म्हणून तुम्हीही सांगायला लागाल. सांगलीचा बाप हमखास आयर्विन पुलाच्या गोष्टीवर येतो. पूल 1929 चा, गोष्ट दरवर्षी नवी. "पाणी चाळीस फुटाला लागलेलं, आणि आम्ही वरून उड्या!" पुढच्या वर्षी पाणी पंचेचाळीस फुटावर जातं. चाळीस ही इशारा पातळी, पंचेचाळीस धोक्याची, हे पोराला शाळेत शिकवलेलं असतं, आणि ते स्कॉलरशिपच्या क्लासलाही जातं. ते विचारेल, "पण बाबा, पाणी वर आलं तर उडी कमीच होणार ना?" इथे खाकरून कुकरच्या शिट्ट्या मोजायला जावं. आणि त्याने नदीत पोहायला येऊ का विचारलं, तर सहा ते सातची स्विमिंग बॅच आहे, दोन महिन्यांची फी भरली आहे, असं सांगावं.

शिक्षेचा एक नमुना 'द अँडी ग्रिफिथ शो'मधून उचलण्यासारखा आहे. 1963 च्या एका भागात लहानगा ओपी गलोरीने चुकून पाखराच्या पिल्लांची आई मारतो. बाप शेरीफ, म्हणजे गावचा पोलीसप्रमुख आहे, पण तो छडी उचलत नाही. पोराच्या खोलीची खिडकी उघडतो आणि सांगतो, ऐक. बाहेर तीन पिल्लं आईला हाका मारताहेत. पुढे ओपी ती पिल्लं वाढवतो, आणि शेवटी पिंजरा उघडून सोडून देतो. तुम्ही हा प्रयोग करायला गेलात तर आधी सरकती काच, मग डासांची जाळी, मग ग्रिल, मग बाल्कनीची कबुतरांची जाळी. एवढं सगळं उघडेपर्यंत पोर झोपलेलं असेल. आणि जाळीमुळे घरटंच नाही, तेव्हा ऐकायला सोसायटीच्या बोअरची मोटर.

राहिला वेळेचा हिशेब. जाहिराती वगळता भाग साधारण पंचवीस मिनिटांचा. पोराच्या आठवड्यात अशी सलग मोकळी पंचवीस मिनिटं रविवारी 12:10 ते 12:35 या वेळात सापडतात, चित्रकला सुटल्यावर आणि जेवणाआधी. ती कुणाला देऊ नका. त्या वेळात बेल वाजली आणि दारात एडी उभा असला, तर त्याला आत घ्या. रविवार असल्याने तुम्ही गाऊनवर असाल, त्याची लाज बाळगू नका. तो चपला भिंतीला लावेल, मान तिरकी करेल आणि म्हणेल, "काकू, गाऊन काय मस्त दिसतोय ओ! नवीन का?"