नुसती छडी फिरवण्याचे पैसे

‘बसमधला कंडक्टर निदान तिकीट तरी देतो. हा नुसती छडी फिरवतो आणि कोट्यधीश होतो!’ अशी ऑर्केस्ट्राच्या कंडक्टरवर घसरणारी सुरुवात असलेला फॉरवर्ड तुमच्याकडेही आला असेल. माझ्याकडे महिन्याभरात चारदा आला. तीनदा मी सोडून दिला. चौथ्यांदा तो भाऊजींनी घरच्या ग्रुपवर टाकला आणि खाली माझ्या भाच्याला उद्देशून लिहिलं, ‘वाच. अजून वेळ गेलेली नाही.’ भाचा ऑर्केस्ट्रा-कंडक्टिंग शिकतोय. सध्या एका ऑपेराच्या तालमींना पियानो वाजवतो, म्हणजे ऑर्केस्ट्रा यायच्या कितीतरी आधीपासून गायकांकडून एकेक प्रवेश घोटून घेतो. त्याने बापाच्या मेसेजवर अंगठा टाकला आणि तो गप्प बसला. मला काही गप्प बसवेना.

फॉरवर्डचं म्हणणं थोडक्यात असं. वादकांसमोर सगळं छापलेलं असतं, कंडक्टरकडे कोणी ढुंकूनही बघत नाही. ऑपेरात, म्हणजे पाश्चात्त्य संगीतनाटकात, तर तो रंगमंचासमोरच्या खड्ड्यात उभा असतो, गाणारे आपलं गातात. हे काम यंत्रमानवानेही करून दाखवलंय. क्लाउस मॅकेला नावाचा 28 वर्षांचा फिनिश पोरगा केवळ देखणा म्हणून शिकागो सिम्फनी या ऑर्केस्ट्राचा मालक झाला. आणि शेवटी उपदेश: या धंद्यात अभ्यास लागत नाही, एका रात्रीचं नशीब लागतं.

‘ढुंकूनही बघत नाही’ हे ज्याने लिहिलंय तो आयुष्यात कधी ऑर्केस्ट्रात बसलेला नाही. मी बसते. हौशी ऑर्केस्ट्रा, दुसरी व्हायोलिन्स, शेवटून दुसरी रांग. माझी मान कागदाकडे असते हे खरं, पण स्टँड मुद्दाम एवढ्या उंचीवर लावलेला असतो की कागदाच्या वरच्या कडेला छडीचं टोक दिसत राहावं. गाडी चालवणारा आरशाकडे टक लावून बसत नाही, म्हणून आरसा काढून टाकायचा का?

आणि बघावं का लागतं, याचं कारण शाळेतल्या भौतिकशास्त्रात आहे. आवाज सेकंदाला साधारण 343 मीटर जातो. माझ्यापासून 15 मीटरवर बसलेल्या टिंपनीवाल्याचा, म्हणजे मोठे नगारे वाजवणाऱ्याचा, ठोका माझ्या कानावर सेकंदाच्या चार शतांशांहून थोडा उशिरा पडतो. तो ऐकून मी वाजवलं तर मी उशिरा, माझं ऐकून तिसऱ्याने वाजवलं तर तो आणखी उशिरा. दहा-वीस मात्रांत सगळ्याचा लगदा. डोळ्याला ही अडचण नाही. म्हणून एकाला मध्ये, उंचावर, सगळ्यांना दिसेल असं उभं करतात.

ऑपेरात हे दसपट अवघड होतं, आणि फॉरवर्डवाल्याने नेमकी तिथेच थट्टा केलीय. वादक खाली खड्ड्यात, गायक वर रंगमंचावर, तेही चालत-पळत, मध्येच प्रेक्षकांकडे पाठ करून. कोरस, म्हणजे समूहगायक, कधी विंगेत, तर कधी पार मागे. म्हणून रंगमंचाच्या कडेला पडदे लावलेले असतात आणि त्यांवर कंडक्टरचं थेट चित्र चालू असतं. विंगेतल्या कोरससमोर एक साहाय्यक उभा राहून त्या पडद्याकडे बघत हात चालवतो, आणि तोही किंचित आधी, कारण त्याच्या मंडळींचा आवाज प्रेक्षकांपर्यंत पोचायला वेळ लागतो. पुच्चिनीच्या ‘ला बोएम’ या ऑपेराचा दुसरा अंक घ्या. कॅफेबाहेर ख्रिसमसच्या आदल्या रात्रीची गर्दी, मोठ्यांचा कोरस, मुलांचा कोरस, अर्धा डझन मुख्य गायक, शेवटी रंगमंचावरून जाणारा लष्करी बँड, आणि खाली पूर्ण ऑर्केस्ट्रा. ‘गाणारे आपलं गातात’ म्हणे!

भाच्याची त्याच अंकाची प्रत मी पाहिलीय. छापलेल्या सुरांपेक्षा पेन्सिलीच्या खुणा जास्त. एका जागी लिहिलंय, ‘ही इथे श्वास घेते’. तीन ओळींनी, ‘आज नाही घेतला’. मग ते खोडून, ‘दमली असेल तर घेते’. त्याला विचारलं, प्रयोगात हे कसं कळणार? म्हणाला, ‘मावशी, खांदे बघायचे. खांदे वर जायला लागले की ऑर्केस्ट्राला थोपवून धरायचं.’ म्हणजे गायिकेचा श्वास अर्धा आत जायच्या आधी साठ माणसांना थांबवायचं, आणि तिचा स्वर सुटताना सगळ्यांनी तिच्यासोबत समेवर असायचं. हे कागदावर छापलेलं नसतं.

कोणाला याहून रोकडा पुरावा हवा असेल तर तोही आहे. इटलीतल्या फेरारा विद्यापीठाच्या संशोधकांनी आठ व्हायोलिनवादकांच्या गजांवर आणि दोन कंडक्टरांच्या छड्यांवर खुणा लावून इन्फ्रारेड कॅमेऱ्यांनी त्यांची हालचाल टिपली. कोणाची हालचाल कोणाच्या मागे जाते, हे गणिताने काढलं. वाजवलेलं जाणकारांना ऐकवलं. 2012 साली ‘प्लॉस वन’ या विज्ञानपत्रिकेत हे छापून आलं. कंडक्टरची पकड वाढली आणि वादकांचं एकमेकांच्या मागे जाणं कमी झालं की वादन सरस ठरत होतं. आठच वादक, मान्य. पण ‘कोणी बघत नाही’ एवढं खोडायला आठ पुरतात.

आता मनाविरुद्ध एक कबुली. कंडक्टरशिवाय ऑर्केस्ट्रा वाजू शकतो. मॉस्कोत 1922 पासून दहा वर्षं ‘पेर्सिम्फान्स’ नावाचा असा ऑर्केस्ट्रा होता. न्यूयॉर्कचा ‘ऑर्फियस’ 1972 पासून आहे. न्यूयॉर्क फिलहार्मोनिक हा ऑर्केस्ट्रा आपला जुना कंडक्टर आणि संगीतकार बर्नस्टाइन याच्या आठवणीसाठी त्याचंच ‘कँडीड’चं ओव्हर्चर, म्हणजे सुरुवातीची वाद्यरचना, कंडक्टरविना वाजवतो. पण पेर्सिम्फान्सवाले एकमेकांना दिसावं म्हणून गोलात बसत आणि ढिगाने तालमी करत. ऑर्फियसमध्ये दर रचनेला वादकांतलेच काही जण पुढाकार घेतात. काम नाहीसं होत नाही, वाटलं जातं. आणि बर्नस्टाइनचं ओव्हर्चर त्या मंडळींना इतकं मुरलेलं आहे की झोपेतून उठवलं तरी वाजवतील.

यंत्रमानवाचं फार लांबवत नाही. 2017 मध्ये पिसात ‘युमी’ नावाच्या यंत्राने हात हलवले होते, हे खरं. ते हात आंद्रेआ कोलंबिनी या कंडक्टरने आधी धरून शिकवलेले होते. म्हणजे छडी माणसाचीच, फक्त रेकॉर्ड केलेली. 2023 मध्ये सोलमध्ये ‘एव्हर 6’ आला. त्याच्यासोबत मंचावर असलेल्या माणसाने, कंडक्टर चोई सू-योल यांनी, त्याची मोठी उणीव सांगितली होती: त्याला ऐकू येत नाही. गायिकेचे खांदे दिसणं तर लांबच.

राहिला मॅकेला आणि ‘नशीब’. भाच्याला खरी जखम इथे झालीय.

शिकागोने मॅकेलाचं नाव जाहीर केलं 2 एप्रिल 2024 रोजी. तेव्हा तो 28 वर्षांचा होता, हे बरोबर. सूत्रं हाती येणार 2027 मध्ये, म्हणजे वयाच्या 31व्या वर्षी. आणि ‘मालक’ काय? संगीत संचालक नोकरीत असतो, त्याचा करार असतो. मुलगा देखणा आहे, डेक्का या रेकॉर्ड कंपनीने 2021 मध्ये करार केल्यावर त्याचे फोटो सगळीकडे झळकले, हेही खरं. आईवडील दोघंही वादक, त्यामुळे घरात संगीत होतंच. 2027 पासून ॲमस्टरडॅमचा कॉन्सर्टगेबाऊ ऑर्केस्ट्रा आणि शिकागो ही दोन अवाढव्य घरं एकाच वेळी सांभाळणं मलाही अतीच वाटतं. एवढं सगळं फॉरवर्डवाल्याला दिलं.

पण फॉरवर्डने गाळलेलं काय? मॅकेला चेलोवादक. बाराव्या वर्षापासून हेलसिंकीत योर्मा पानुला यांच्याकडे शिकला. हे पानुला म्हणजे एसा-पेक्का सालोनेन, साकारी ओरामो वगैरे नामवंत कंडक्टरांचे गुरुजी. त्यांच्या वर्गात पोरांना खऱ्या वादकांसमोर उभं करतात आणि मग त्यांचाच व्हिडिओ त्यांना दाखवतात. स्वतःचे वेडेवाकडे हात तेराव्या-चौदाव्या वर्षी पडद्यावर बघायचे, सगळ्यांसमोर. 2020 पासून ऑस्लोच्या, 2021 पासून पॅरिसच्या ऑर्केस्ट्राचा प्रमुख. शिकागोत तो पहिल्यांदा गेला 2022 मध्ये, पाहुणा म्हणून. पाहुण्या कंडक्टरची खरी परीक्षा वादक घेतात, आणि शंभर अनुभवी वादकांना गोऱ्या गालांनी फसवता येत नाही. तालमीच्या पहिल्या दहा मिनिटांत त्यांना कळतं की समोरच्याने स्कोअर, म्हणजे सगळ्या वाद्यांचे सूर एकत्र छापलेली प्रत, वाचलाय की नुसता चाळलाय.

‘एका रात्रीचं नशीब’ म्हणून फॉरवर्डने बर्नस्टाइनचं उदाहरण दिलंय. 14 नोव्हेंबर 1943, न्यूयॉर्कचा कार्नेगी हॉल, त्या दिवशीचे कंडक्टर ब्रुनो वॉल्टर आजारी, 25 वर्षांचा बर्नस्टाइन तालमीशिवाय उभा राहिला, रेडिओवरून देशभर ऐकू गेला, दुसऱ्या दिवशी पेपरात पहिल्या पानावर. सगळं खरं. फक्त तो न्यूयॉर्क फिलहार्मोनिकचा साहाय्यक कंडक्टर होता, हे सांगायचं राहिलं. साहाय्यकाला कशासाठी ठेवतात? तर मुख्य माणूस पडला तर उभं राहता यावं म्हणून. वॉल्टर यांना फ्लू झाला हे नशीब. त्या कार्यक्रमातला स्ट्राउसचा अवघड ‘डॉन किहोते’ तयार होता, ते नशीब नव्हे.

ऑपेरात तर हीच रीत आहे. पुढे जगप्रसिद्ध कंडक्टर झालेला तोस्कानिनी 1886 मध्ये रिओमध्ये 19व्या वर्षी ‘आइडा’ला उभा राहिला तो चेलोच्या खुर्चीतून उठून, आणि तोही समोरचा स्कोअर न बघता. 2018 मध्ये बर्लिनच्या श्टाट्सऑपर या ऑपेरागृहात ‘सालोमे’ची नवी निर्मिती होती. कंडक्टर क्रिस्टोफ फॉन डोनान्यी ऐन वेळी बाजूला झाले आणि 24 वर्षांच्या थोमास गुगाइसने ती उचलली. कारण साहाय्यक म्हणून तो आतलाच होता. 2023 पासून तो फ्रँकफर्ट ऑपेराचा संगीतप्रमुख आहे. कारायानसारख्या जगप्रसिद्ध कंडक्टरनेही 1929 ते 1934 ही वर्षं उल्मसारख्या लहान गावच्या थिएटरात काढली. तालमीच्या पियानोपासून खड्ड्यापर्यंतची ही वाट जर्मन थिएटरांत पिढ्यान्‌पिढ्या चालू आहे. भाचा तिच्या पहिल्या पायरीवर बसलाय आणि भाऊजींना वाटतं तो वेळ घालवतोय.

झुबिन मेहता ‘वडिलांच्या पुण्याईवर’ गेले, असंही एक शेपूट फॉरवर्डला आहे. वडील मेहली मेहता संगीतातले, खरंय. व्हिएन्नात हान्स स्वारोव्स्कींकडे शिकायला आणि 1958 मध्ये लिव्हरपूलची कंडक्टिंगची स्पर्धा जिंकायला वडील छडी धरून उभे नव्हते.

आणि 28 वर्षांच्या पोराला एवढं मोठं काम कसं दिलं, याचा ज्यांना अजून राग आहे त्यांच्यासाठी: वर ज्या ‘ला बोएम’चा दुसरा अंक सांगितला, त्याचा पहिलावहिला प्रयोग तुरीनला 1 फेब्रुवारी 1896 रोजी झाला. छडी तोस्कानिनीच्या हातात होती. वय 28.

हे सगळं मी ग्रुपवरही टाकलं. भाऊजींनी दीड तासाने एकच ओळ लिहिली, ‘ते ठीक आहे, पण पगार किती?’ अख्ख्या प्रकरणात तेवढाच एक प्रश्न रास्त आहे. सुरुवातीला फार नाही, भाऊजी. कोट्यधीश वगैरे तर मुळीच नाही. भाच्याने उत्तर दिलेलं नाही. सकाळी दहाला त्याची दुसऱ्या अंकाची तालीम होती.