चिमट्याबद्दल तुमचं बरोबर, बाकीचं नाही

नमस्कार. साध्या सायकलला घरी हब मोटर (चाकाच्या मधोमध बसणारी विजेची मोटर) बसवण्यावरच्या माझ्या लेखाला तुम्ही ‘बॉम्बवर बसून फिरायचा सल्ला’ म्हटलंत, एका चार्जमध्ये ४० किलोमीटर जाते हा माझा आकडा थाप ठरवलात आणि शेवटी विचारलंत, ‘मग माझ्या ॲल्युमिनियमच्या चिमट्याच्या सायकललाही लावू का?’ (चिमटा म्हणजे पुढचं चाक धरणारा दोन पायांचा भाग.) आधी राग आला. दुसऱ्या वाचनात थोडा ओसरला.

आकड्याचं आधी मिटवू. माझी बॅटरी ३६ व्होल्ट गुणिले १० अँपिअर-तास, म्हणजे ३६० वॉट-तासांची. सपाट रस्त्यावर बेताच्या वेगाने पेडल मारत गेलं तर किलोमीटरला नऊ-दहा वॉट-तासांत भागतं. नुसता थ्रॉटल (मुठीचा ॲक्सिलरेटर) पिळत, थांबत-निघत गेलं तर बारा ते पंधरा लागतात आणि २५-३० किलोमीटरवर बॅटरी संपते. मी पेडल मारतो. हे लेखात लिहायचं राहिलं.

बॅटरीबद्दल मात्र मी ढिलाई केलेली नाही. सेल जोडून पॅक घरी बनवू नका, बीएमएस (सेलवर लक्ष ठेवून गरज पडल्यास वीज तोडणारं सर्किट) असलेला तयार पॅकच घ्या, हे तिथे स्पष्ट आहे. एक भर घालतो: ३६ व्होल्टचा पॅक ४२ व्होल्टला पूर्ण भरतो, ४८ व्होल्टचा नेहमीचा चार्जर ५४.६ देतो आणि दोघांची पिन कधीकधी सारखीच असते, म्हणजे चुकीचा चार्जर सहज लागू शकतो. घरात दोन चार्जर असतील तर त्यांवर रंगीत पट्ट्या चिकटवा. आणि चार्जिंग जागेपणी, बाहेर पडायच्या वाटेपासून लांब.

आता चिमटा. तुम्ही ओझरता उल्लेख केलात, पण माझी खरी चूक तिथेच आहे. साध्या चाकात आसाला पीळ बसत नाही, हब बेअरिंगवर मोकळा फिरतो. हब मोटरमध्ये आस स्थिर असतो, म्हणून मोटर चाक जितक्या जोराने पुढे फिरवते तितक्याच जोराने आसाला तो ज्या खाचेत बसतो तिच्यात उलटं फिरवू पाहते. ३० न्यूटन-मीटरचा पीळ, आणि आसाच्या सपाट बाजूंमधलं अंतर जेमतेम १० मिलिमीटर! खाचेच्या कडांवर तीनशे किलोहून जास्त भार येतो. लोखंडी चिमटा बहुधा सोसतो. ॲल्युमिनियम वाकून इशारा देत नाही, सरळ तडकतं.

माझ्याच पहिल्या सायकलवर नट सैल होऊन आस अर्धा फिरला आणि त्यातून बाहेर येणारी वायर पिळवटून तुटली. जागेवरून निघतानाच झालं, म्हणून पडलो नाही. तरीही लेखात मी टॉर्क आर्मबद्दल (आसाला फिरू न देणारी पट्टी) ‘असेल तर लावा’ एवढंच लिहिलं. ते वाक्य काढून टाकलंय. आसापासून १० सेंटिमीटरवर चिमट्याला आवळलेली ती पट्टी तोच पीळ तीसेक किलोवर आणते. ती नसेल तर मोटर चालू करू नका.

ब्रेकबद्दल तुम्ही काहीच बोलला नाहीत, याचं नवल वाटलं. ताशी १५ ऐवजी २५ किलोमीटरच्या वेगाने जाताना थांबवायची ऊर्जा पावणेतीनपट होते. नवे पॅड आणि मोटर बंद करणारे ब्रेक लिव्हर मोटरच्या आधी बसवा.

तुमच्या सायकलला पुढे मोटर लावू नका. मागे चालेल, पण आधी मागच्या खाचांमधलं अंतर मोजा. बऱ्याच किट १३५ मिलिमीटरसाठी असतात, आणि ॲल्युमिनियमची फ्रेम ओढून रुंद करायची नसते.