साठीनंतर ‘नुसता आराम करा’ सांगणाऱ्या मेसेजला उत्तर

सध्या जळगाव-धुळ्याकडच्या घरोघरच्या ग्रुपवर एक मेसेज फिरतोय. त्यातला मजकूर थोडक्यात असा: साठी ओलांडली की खाली बसू नका, जिना चढू नका, घरकाम सोडा, कारण शरीरातली ताकद मोजकी असते. पडणं हा वयाचाच भाग आहे. म्हाताऱ्या माणसांना भजन आणि गप्पा पुरतात. ऑक्युपेशनल थेरपी (रोजची कामं आपली आपल्याला करता यावीत म्हणून मदत करणारी उपचारपद्धती) लकवा झालेल्यांसाठी असते, धडधाकट माणसाला ती घ्यायला लावणं हा पैसे काढायचा परदेशी धंदा आहे.

अमळनेरला माझ्या आत्याला हा मेसेज तिच्या मुलानेच पाठवला. काळजीपोटीच पाठवला असणार. पण यंदा तिने बिबडे (ज्वारीचे पापड) केले नाहीत. गच्चीवर जाणं बंद, खाली बसणं बंद, स्वयंपाक सुनेकडे. फोनवर मला म्हणाली, “आते मनं काय काम से?” (आता माझं काय काम आहे?) दोन्ही पायांवर नीट चालणाऱ्या, स्वतःचा हिशोब स्वतः ठेवणाऱ्या बाईच्या तोंडी हे वाक्य आलं, म्हणून हे लिहितेय.

ताकद मोजकी असते आणि वापरली की संपते, हे साफ खोटं आहे. उलट, न वापरलेला स्नायू झडतो, आणि म्हातारपणी फार लवकर झडतो. 2007 साली ‘जामा’ या वैद्यकीय नियतकालिकात एक छोटा अभ्यास आला होता. साठीपुढच्या निरोगी माणसांना दहा दिवस अंथरुणावर ठेवलं, तर त्यांच्या पायांतलं जवळजवळ एक किलो मांस कमी झालं. खुर्चीत बसणं म्हणजे अंथरूण धरणं नव्हे, मान्य. पण घरकाम, जिना आणि खाली बसणं एकदम तोडलं की शरीर त्याच वाटेला लागतं. मग उठताना हात द्यायला माणूस लागतो, आणि त्या दिवसापासून घरचे आणखी जपायला लागतात.

एवढं मात्र कबूल करते की गुडघ्याची झीज झालेल्यांना मांडी घालून तासन् तास बसणं त्रासाचं होतं, आणि डॉक्टरांनी त्यांना नाही म्हटलं असेल तर ते ऐकावं. पण तो सल्ला त्या गुडघ्यापुरता. मेसेजने तो सगळ्या साठीवाल्यांना लावून टाकला.

बिबड्यांचंच घ्या. शिजलेल्या घाट्याचं जड पातेलं उचलणं, ओल्या कापडावर थापणं, कापड उलटं करून बिबडा खाटेवर टाकणं, आणि हे सगळं वैशाखाच्या उन्हात. ऑक्युपेशनल थेरपिस्ट हे बंद करा म्हणत नाही. तो कामाचे तुकडे करून बघतो. पातेलं सुनेने उचलावं. थापायला टेबल घ्यावं, बसायला पाठीची खुर्ची. ऊन चढायच्या आत आवरावं, एका दिवसाचं दोन दिवसांत करावं. थापणं आत्याकडेच राहावं, कारण पातळ किती थापायचं हे घरात तिलाच कळतं.

हे निरोगी माणसाला कशाला, याचं उत्तर 1997 पासून छापलेलं आहे. अमेरिकेत लॉस एंजेलिसला फ्लॉरेन्स क्लार्क आणि सहकाऱ्यांनी स्वतंत्र राहणाऱ्या, साठीपुढच्या 361 जणांचे चिठ्ठ्या टाकल्यासारखे तीन गट केले. एका गटाला नऊ महिने ऑक्युपेशनल थेरपी: आठवड्याला दोन तास गटात, शिवाय प्रत्येकाशी वेगळं बोलणं. दुसऱ्या गटाला करमणूक: सहली, हस्तकला, सिनेमे. तिसऱ्याला काहीच नाही. थेरपीवाल्यांची तब्येत, कामं करायची क्षमता, आयुष्याबद्दलचं समाधान, सगळ्यात फरक पडला. करमणूकवाला गट मात्र काहीच न मिळालेल्यांपेक्षा पुढे गेला नाही. भजन-गप्पा पुरतात म्हणणाऱ्यांनी हे पुन्हा वाचावं. भजनाला कुणाचीच ना नाही, पण त्याने न्हाणीतून उठणं सोपं होत नाही. थेरपी संपल्यावर सहा महिन्यांनी पाहिलं तेव्हाही फायदा बराचसा टिकून होता.

ब्रिटनमध्ये याच धर्तीवरच्या एका चाचणीत 2017 साली ठळक फरक दिसला नाही, हेही खरं आहे. त्यातले लोक सुरुवातीलाच बऱ्यापैकी मजेत होते. म्हणून ज्याला त्याला कार्यक्रमात बसवून उपयोग नाही. ज्यांचं जगणं आक्रसायला लागलंय, त्यांना आधी गाठायला हवं.

पडणं वयाचा भाग आहे? जगभरचे वैद्यकीय अभ्यास एकत्र तपासणाऱ्या कॉक्रेन या संस्थेच्या 2023 च्या आढाव्यात घरातले धोके काढल्याने पडण्याचं प्रमाण सुमारे 26 टक्क्यांनी कमी झालेलं दिसतं, आणि पडण्याचा धोका जास्त असलेल्यांत 38 टक्क्यांनी. आपल्या घरांत हे धोके उघड्यावर असतात: न्हाणीतली ओली शहाबादी फरशी, उंच उंबरा, निसटतं पायपुसणं, रात्री संडासच्या वाटेवरचा अंधार. भिंतीत एक दांडा आणि एक दिवा बसवायला कितीसा खर्च येतो?

‘परदेशी धंदा’ हा शेवटचा आरोप. कमला निंबकरांनी मुंबईच्या केईएम रुग्णालयात ऑक्युपेशनल थेरपीचं शिक्षण 1950 सालीच सुरू केलं. ‘चिरतरुण पॅकेज’ विकणारे भामटे आहेत, त्यांच्यापासून जरूर सावध राहा. पण त्यांच्या पापासाठी या शास्त्राला झोडपू नका.

आपल्याकडे ज्येष्ठांसाठी सरकार काहीच करत नाही असं नाही. पंच्याहत्तरीपुढे एसटीचा प्रवास 2022 पासून मोफत आहे. पण एसटीची पायरी चढता आली तरच त्याचा उपयोग. लॉस एंजेलिसच्या कार्यक्रमात बसने कसं फिरायचं हाही एक धडा होता. केंद्राच्या वृद्ध आरोग्य कार्यक्रमात जिल्हा रुग्णालयात वेगळा कक्ष आणि फिजिओथेरपीची सोय ठरवलेली आहे, तिच्याच जोडीला ऑक्युपेशनल थेरपिस्ट मागायला हवा. अमळनेर, चोपडा, शिरपूर, शहादा, जिथे जिथे ज्येष्ठ नागरिक संघ बसतो तिथे आठवड्याला दोन तास तो आला तरी सुरुवात होईल. संघाच्या पदाधिकाऱ्यांनी जिल्हा शल्यचिकित्सकांना तसं लेखी पत्र द्यावं. मी मसुदा लिहून ठेवलाय, हवा असेल त्याने मागावा.