'ड्रायर घेताय? थांबा!' या मेसेजला उत्तर

पावसाने जोर धरला की कोल्हापूरच्या ग्रुपांवर 'ड्रायर घेताय? थांबा!' हा मेसेज फिरायला लागतो. त्यात सहा मुद्दे आहेत. कपडे वाळवायच्या ड्रायरमुळे महिन्याला दोन-तीन हजारांनी विजेचं बिल वाढतं. कमी विजेवर चालणारा 'हीट पंप' ड्रायर वगैरे थापा आहेत, आत हीटरच असतो. कपडे आटतात आणि विरतात. घरात ओल धरते. युरोपने तर या यंत्रावर बंदीच घातली. आणि शेवटी नेहमीचं पालुपद: ऊन फुकट असताना हे खूळ कशाला?

या यंत्राविरुद्ध बोलण्यासारखं बरंच आहे. पण मेसेजमध्ये नेमकं तेच नाही, आणि जे आहे ते बहुतेक दुसऱ्याच यंत्राबद्दल आहे.

'आत हीटरच असतो' हा मुद्दा आधी घेतो, कारण बाकीचे त्याच्यावरच उभे आहेत. जुन्या पद्धतीचा ड्रायर हीटरने हवा तापवतो आणि कपड्यांतली वाफ पाइपने घराबाहेर सोडतो. कंडेन्सर ड्रायरमध्येही हीटरच असतो, फक्त वाफ बाहेर न सोडता तिचं पाणी करून टाकीत साठवतात. हीट पंपवाल्यात मात्र फ्रिजमध्ये असतात तेच भाग असतात: कंप्रेसर, गॅस, एक थंड कॉइल आणि एक गरम कॉइल. ड्रममधून आलेली दमट हवा थंड कॉइलवरून जाते, तिथे तिच्यातलं पाणी सुटतं आणि टाकीत पडतं. कोरडी झालेली तीच हवा लगेच गरम कॉइलवरून परत ड्रममध्ये शिरते. वाफेचं पाणी होताना जी उष्णता सुटते ती गॅस उचलतो आणि पुन्हा हवेला देतो. एकदा दिलेली उष्णता आतल्या आत फिरत राहते.

याशिवाय आपल्याकडे वॉशर-ड्रायर खपतात, म्हणजे धुणं आणि वाळवणं एकाच ड्रममध्ये. त्यातले बरेच हीटरवर चालतात आणि वाफ थंड करायला वरून नळाचं पाणी खर्च करतात. 'आमच्या पाहुण्यांनी ड्रायर घेतला आणि पस्तावले' अशी गोष्ट कानावर आली, तर पाहुण्यांनी नेमकं काय घेतलं होतं ते आधी विचारा. निम्म्या वेळा उत्तर वॉशर-ड्रायर असंच येईल.

आता बिल. एक लिटर पाण्याची वाफ करायला साधारण ०.६५ युनिट ऊर्जा लागते. हा निसर्गाचा दर आहे, त्यात कुठल्या कंपनीला सवलत नाही. सात किलो सुती कपडे वॉशिंग मशीनमध्ये १००० आरपीएमवर, म्हणजे मिनिटाला हजार फेऱ्यांच्या वेगाने, पिळले तरी त्यांत चार लिटरच्या आसपास पाणी राहतं. म्हणजे नुसत्या हीटरला किमान २.६ युनिट हवेत, आणि वाया जाणारी उष्णता धरली तर प्रत्यक्षात चार-साडेचार. हीट पंपवाला तेवढेच कपडे दीड ते दोन युनिटमध्ये वाळवतो.

महावितरणच्या घरगुती बिलात ० ते १००, १०१ ते ३००, ३०१ ते ५०० आणि त्यापुढे असे टप्पे असतात. वाढीव वापर नेहमी तुमच्या सगळ्यात वरच्या टप्प्याच्या दराने पडतो, म्हणून हिशेब सरासरी दराने करायचा नसतो. वहन आकार, वीज शुल्क असं सगळं धरून ३०० युनिटच्या आतल्या घरासाठी युनिटला १३ रुपये धरू, वरच्यासाठी १७. पावसाळ्यात दिवसाआड एक घाणा, म्हणजे एका वेळचे ड्रमभर कपडे, लावला तर महिन्याला १५ घाणे, ३० युनिट, ३९० रुपये. अगदी रोज लावला आणि १७ चाच दर धरला तरी १,०२० रुपये होतात. तर मेसेजमधले दोन-तीन हजार आले कुठून? हीटरचा ड्रायर रोज लावा, घाण्याला साडेचार युनिट धरा, १७ ने गुणा: २,२९५ रुपये. आकडा खरा आहे, फक्त शेजारच्या यंत्राचा आहे.

जाता जाता एक कामाची गोष्ट. ड्रायरचं बिल निम्मं वॉशिंग मशीनमध्येच ठरतं. ८०० आरपीएमला कपड्यांत स्वतःच्या वजनाच्या ७० टक्के पाणी राहतं, १४०० ला ५० टक्क्यांच्या आसपास. मोटरने पिळून पाणी काढणं वाफ करून काढण्यापेक्षा कितीतरी स्वस्त पडतं. ड्रायर घेऊनही पिळण्याचा वेग कमी ठेवणारे लोक आहेत. कपडे जपायला म्हणे.

कपडे आटतात आणि विरतात, यात तथ्य आहे, पण अर्धंच. हीटरच्या ड्रायरमध्ये हवा ७० अंशांच्या वर जाते, हीट पंपमध्ये ती साधारण ५० ते ६० च्या घरात राहते. त्यामुळे सुती शर्ट, चादरी, टॉवेल यांना त्रास बराच कमी होतो. पण ड्रममध्ये कपडे एकमेकांवर घासतात ते घासतातच. दर घाण्यानंतर फिल्टर उघडला की जाळीवर राखाडी तंतूंचा थर बसलेला असतो, बोटाने सोलला की अख्खा निघतो. तो तुमच्याच कपड्यांचा असतो. लोकरीचं, रेशमी, जरीचं काहीही आत घालायचं नाही. इलॅस्टिक आणि रबराचं छापकाम असलेले टी-शर्टही लवकर जातात. हे मेसेजवाल्याने लिहिलं असतं तर मी मान डोलावली असती.

नऊवारीचं वेगळं सांगायला हवं, कारण कंपनीच्या पुस्तिकेत ते सापडणार नाही. सुती इरकल चादरींबरोबर घातली की स्वतःभोवती पिळत जाते आणि चादरींनाही आत ओढते. यंत्र 'झालं' म्हणून शिटी वाजवतं, बाहेर काढावं तर पदर कडकडीत कोरडा आणि मधला पीळ तसाच ओला. ओलावा मोजणारे सेन्सर ड्रममध्ये असतात, त्यांना वरचं कापड लागतं, आतलं लागत नाही. लुगडं एकटं किंवा दोन-चार लहान कपड्यांबरोबर घालायचं, मध्ये एकदा थांबवून झटकायचं. आजी असल्या यंत्राला हात लावू देईल का, हा प्रश्न वेगळा.

'घरात ओल धरते' हे पाइप न जोडलेल्या जुन्या ड्रायरबद्दल शंभर टक्के खरं. हीट पंपवाल्याचं उलटं आहे. त्याची हवा बंद चक्रात फिरते, पाणी टाकीत नाहीतर थेट गटारीच्या पाइपात जातं. ओल धरते ती आपण सध्या जे करतो त्याने: हॉलमध्ये दोरी बांधायची, खुर्च्यांच्या पाठींवर पँटी टाकायच्या, वर पंखा फुल्ल. कपड्यांतलं ते चार लिटर पाणी मग जातं कुठे? खोलीच्या हवेत, आणि तिथून कपाटामागच्या भिंतीत.

युरोपच्या बंदीचं थोडक्यात. युरोपीय संघात १ जुलै २०२५ पासून ड्रायरच्या वीजवापराचे नियम एवढे कडक झाले की हीटरवाले त्यांत बसत नाहीत, बाजारात नव्याने येतात ते हीट पंपवालेच. स्वित्झर्लंडने हे २०१२ पासूनच केलं आहे. म्हणजे जी बातमी यंत्राच्या बाजूची होती ती मेसेजमध्ये विरोधात लावली आहे. काय बोलायचं, भावा.

राहता राहिलं ऊन. हा मुद्दा सगळ्यांना पटतो, आणि ऑक्टोबर ते मेपर्यंत मलाही पटतो. कोल्हापूरच्या एप्रिलात गच्चीवर टाकलेली चादर तासाभरात वाळते, तिथे ड्रायर लावणाऱ्याच्या पैशाला पाय फुटले असंच म्हणायचं. पण मेसेज फिरतो जुलैमध्ये. तेव्हा पारा पंचविशीच्या आसपास, हवा दमट, गगनबावड्याकडून एकामागून एक सर येते. राधानगरी धरणाचे स्वयंचलित दरवाजे उघडले की आठवडाभर उघडिपीची आशा सोडायची. अशा दिवसांत तुलना उन्हाशी करायचीच नसते, ऊन नसतंच. तुलना पंख्याशी करायची. जुना छताचा पंखा ७५ वॅटचा. तो अख्खा दिवस-रात्र कपड्यांसाठी फिरला की १.८ युनिट झाले, म्हणजे ड्रायरचा एक घाणा. आणि कपडे एका दिवसात वाळले तर! ओलसर जीन्सवर इस्त्री फिरवून ती 'वाळवायची' आपली सवय आहे, त्या १००० वॅटच्या इस्त्रीचा हिशेब कुणी धरत नाही. नवा, कमी वीज खाणाऱ्या मोटरचा बीएलडीसी पंखा ३० वॅटच्या आसपास घेतो, तो असेल तर विजेत पंखा जिंकतो. वेळेत आणि वासात तरीही हरतो.

तो कुबट वास साबण कमी पडल्याचा नसतो. कपडा बराच वेळ ओलसर राहिला की त्यात मोराक्सेला ऑस्लोएन्सिस नावाचा जीवाणू वाढतो, आंबूस वास त्याचा. पुन्हा धुतलं तरी तो पुरता जात नाही, कपडा ओला झाला की वास परत येतो. उपाय एकच, कपडा लवकर वाळवणं, मग ते उन्हात असो की ड्रममध्ये. मात्र 'ड्रायर जंतू मारतो' ही जाहिरातही जपून घ्या. पन्नास-पंचावन्न अंशांत कपडे निर्जंतुक होत नाहीत, फक्त कोरडे होतात. घरात तान्हं बाळ आणि दोरीवर दुपट्यांची रांग असेल तर तेवढंही खूप आहे.

मेसेजच्या उत्तरादाखल ड्रायरच्या चाहत्यांचाही एक मेसेज फिरतो. त्यात म्हटलंय की देखभाल शून्य आणि टाकीतलं पाणी इन्व्हर्टरच्या बॅटरीत घालता येतं. दोन्ही चूक. जाळी दर वेळी साफ करायची, कॉइलपुढचा फिल्टर अधूनमधून धुवायचा. ते टाळलं तर कॉइलवर तंतूंचा लगदा बसतो आणि अडीच-तीन तासांचा घाणा चार तासांवर जातो. टाकीतल्या पाण्यात तंतू असतात, साबणाचा अंश असतो. फरशी पुसा, कुंड्यांना घाला. बॅटरीत नको.

आता जे कुणीच लिहिलं नाही ते. पहिलं म्हणजे किंमत. हीट पंपवाला चांगला ड्रायर साठ-सत्तर हजारांना आणि त्याच्या वर पडतो. वर्षातले चार महिने वापरायच्या वस्तूत हे पैसे विजेच्या बचतीतून कधीही वसूल होत नाहीत. विक्रेता 'तीन वर्षांत पैसे वसूल' म्हणत असेल तर त्याला कागद-पेन द्या. सोय विकत घेता येते, तिला बचत म्हणू नये.

दुसरं, तेल. तालमीतल्या मालिशचे पंचे, बाळाच्या मालिशची दुपटी, दिवाळीच्या अभ्यंगस्नानानंतरचे टॉवेल, स्वयंपाकघरातली फडकी. साध्या धुण्यात यांतलं तेल पूर्ण निघत नाही. गरम कपड्यांच्या ढिगात खाद्यतेल हवेशी संयोग पावतं, त्यातून आणखी उष्णता निर्माण होते आणि ढीग आपोआप पेट घेऊ शकतो. यंत्राबरोबरच्या पुस्तिकांत ही सूचना असते, वाचत कुणी नाही. कोल्हापूरसारख्या गावात ती मोठ्या अक्षरांत लावायला हवी. तेलाचे कपडे दोरीवरच, मग कितीही दिवस लागोत.

तिसरं, पूर. यंत्राचं वजन पन्नास किलोच्या पुढे, कंप्रेसर तळाशी, आणि आडवं करून न्यायचं नाही. नेलंच तर उभं करून काही तास थांबल्याशिवाय चालू करायचं नाही. पंचगंगेची राजाराम बंधाऱ्यावरची इशारा पातळी ३९ फूट, धोक्याची ४३. २०१९ आणि २०२१ ला ज्यांच्या तळमजल्यात पाणी आलं, त्यांनी फ्रिज आणि गाद्या वर नेताना काय झालं ते आठवावं. दुधाळी, रमणमळा, कुंभार गल्ली या भागांत खालच्या मजल्यावर हे यंत्र ठेवायला मी सांगणार नाही. आणि पुराच्या दिवसांत वीजच बंद ठेवतात, घरच्या इन्व्हर्टरवर ते चालवायचं नसतं, म्हणजे ऐन गरजेच्या आठवड्यात ते गप्प बसणार.

गच्चीवर पत्र्याची शेड आहे, चारी बाजूंनी वारा खेळतो, अशा घरांनी पैसे उधळू नयेत. फुलेवाडी-कळंब्याकडच्या फ्लॅटमध्ये एकच गॅलरी, तीही पश्चिमेची, दोघं नोकरीला, घरात लहान मूल किंवा अंथरुणावरचं म्हातारं माणूस, अशांनी विचार करायला हरकत नाही. दुकानात दोन प्रश्न विचारा. गॅस आणि कंप्रेसरचं काम करणारा माणूस कोल्हापुरात आहे की बाहेरगावाहून येणार? आणि डेमो दाखवता का? या यंत्राला नळ लागत नाही, प्लग पुरतो, त्यामुळे नाही म्हणायला सबब नाही. घरून एक धुतलेली, पिळलेली डबल बेडशीट पिशवीत घालून न्या.