मातृछायेच्या तीन फळ्या

सागवानाची तिसरी फळी काल रात्री पावणेबाराला वाया गेली. तिसरी! मेव्हण्याच्या नव्या घराची पाटी, चार अक्षरं, 'मातृछाया'. रविवारी वास्तुशांत. आणि माझं लाडकं, घरी जोडलेलं सीएनसी, म्हणजे संगणकाच्या हुकुमावर लाकूड कोरणारं मशीन, खालून वर कोरत जातं. ऋकार, काने, 'छ'चं पोट, सगळं लोण्यासारखं. शिरोरेषेला पोचलं की बोंब. एक्सची, म्हणजे आडव्या दिशेची मोटर घुर्रर्र करून जागच्या जागी थरथरते, बिट, म्हणजे कोरायचं पातं, एकाच ठिकाणी फिरत लाकूड जाळतं, आणि मग मोटरला काय सुचतं कोण जाणे, ती उलटीच पळते. तिन्ही फळ्यांवर तेच. इंग्रजीत नाव ठेवलं असतं मेव्हण्याने, तर शिरोरेषेची भानगडच नव्हती.

सगळ्यात डोकं फिरतं ते स्क्रीनकडे बघून. एक्स १६२.०००. तीन दशांश स्थळं! बिट तिथून चार बोटं अलीकडे धूर काढतंय आणि हा शहाणा मायक्रॉनच्या गप्पा मारतोय. मोटरला पाठवलेले पल्स, म्हणजे विजेचे ठोके, मोजायचे आणि मोटर पोचली असं धरून चालायचं. आमच्या सोसायटीची कमिटीही अशीच काम करते. नोटीस लावली म्हणजे काम झालं.

सीएनसीवाल्यांच्या ग्रुपवर विचारलं. विचारायला नको होतं. "नॉइज असेल." म्हणजे तारेत बाहेरून घुसणारी विजेची खळबळ. अरे, कसला नॉइज? केबल शील्डेड आहे, स्पिंडलची, म्हणजे बिट फिरवणाऱ्या मोटरची वायर वेगळी आहे, स्पिंडल बंद ठेवून हवेत फिरवलं तरी तेच होतंय. "स्टेप्स चेक करा." केले. एका मिलिमीटरला मोटरची पावलं किती, तर २०० गुणिले १६ भागिले ८, चारशे. परवाही चारशे होते, उद्याही राहतील. स्टेप्स चुकले तर माप चुकतं रे बाबांनो, मोटर उलटी नाही पळत! एकाने तर फक्त नमस्काराचा इमोजी टाकला.

मग ड्रायव्हर, म्हणजे मोटरला वीज पुरवणारं सर्किट, बदलायचं ठरवलं. काल दुपारी एक वाजून पाच मिनिटांनी पुण्याच्या तापकीर गल्लीत पोचलो. शटर अर्धं खाली. चारला या. चारला गेलो. "ओरिजिनल आहे ना?" "शंभर टक्के." घरी येऊन भिंगातून बघितलं तर आधीच्या ए४९८८ ड्रायव्हरवर आर१०० चे (०.१ ओहमचे) रेझिस्टर, ह्याच्यावर आर०५०, म्हणजे निम्मे. म्हणजे जुन्या ०.८ व्होल्टच्या सेटिंगवर एक अँपियर जात होता तिथे आता दोन जाणार. मोटर काय, चहा उकळेल त्यावर. तो खेळण्यातला पेचकस घेऊन करंट कमी करायचा तीळभर स्क्रू फिरवत बसलो, मल्टिमीटरची एक पिन दातात धरून. आणि एवढं करून फरक काय? शून्य. घुर्रर्र.

रात्री दीडला वैतागून मोटरचा प्लगच उपटला. मशीन चालू असताना. टिक आवाज झाला, वास आला. ड्रायव्हर चालू असताना मोटर कधीही काढायची नसते, हे मी स्वतः ग्रुपवर निदान दहा जणांना सुनावलेलं आहे, तेही फारशा गोड शब्दांत नाही.

आवाजाने आई उठून आली. फळीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. "सुताराला दिली असतीस तर एव्हाना लागलीसुद्धा असती." आणि पाणी पिऊन झोपायला गेली.

जे पहिल्या दिवशी करायचं ते मग आज सकाळी केलं. एक्सच्या मोटरची केबल वायच्या (मागे-पुढे दिशेच्या) सॉकेटात लावली, दुसऱ्या ड्रायव्हरवर. तीच मोटर, तेच गुरगुरणं. म्हणजे ड्रायव्हर निर्दोष होता बिचारा, ज्याला मी जाळला. वीज बंद केली, मल्टिमीटर मोटरच्या कॉइलवर, म्हणजे आतल्या तारेच्या वेटोळ्यावर लावला. तीन ओहम. गँट्री, म्हणजे बिट वाहून नेणारा आडवा पूल, हाताने मागे ढकलली, केबल ताणली गेली आणि आकडा गायब. पुढे आणली, तीन ओहम. मागे, गायब. शिरोरेषा म्हणजे पाटीची वरची कड, वरची कड म्हणजे गँट्री सगळ्यात मागे! एक कॉइल सुटली की मोटरला कुठल्या बाजूला फिरायचं तेच कळत नाही. तीन फळ्या मला ओरडून सांगत होत्या आणि मी भिंग घेऊन रेझिस्टर वाचत होतो.

कनेक्टर उघडला. पिन वायरच्या प्लॅस्टिकवरच दाबलेली, आत तांब्याच्या दोन केसांएवढ्या तारा कशाबशा टेकलेल्या. हे कुठल्या गाढवाने केलं? क्रिंपिंग टूलला अकराशे रुपये कशाला घालवायचे म्हणून ज्याने साध्या पकडीने पिना दाबल्या, त्याने. मी तेव्हा बायकोला वाचलेले अकराशे कौतुकाने सांगितलेही होते.

आता एक्सची ती पिन सोल्डर केली आहे. चौथी फळी आणली आहे. पण मशीन चालू करायला हात धजत नाही, कारण उरलेल्या तिन्ही मोटरींच्या पिनाही त्याच रात्री, त्याच पकडीने दाबलेल्या आहेत.